विहिरीवरची बाई आणि पंडिता रमाबाई

गोंदिया : रोवणीच्या दिवसांत बांधीच्या चिखलात सवाशीण कोण आणि विधवा कोण, हे कोणी विचारत नाही. पऱ्हे उपटणाऱ्या आणि रोवणाऱ्या बायांच्या रांगेत जिचा धनी गेला ती बाईही कंबरेत वाकलेली असते. तिच्या हाताने रोवलेले धान सगळ्यांच्या धानासारखेच पोसते आणि तिच्या मजुरीतूनही कोणी चार आणे कापून घेत नाही. मात्र त्याच घरी लग्न निघाले, हळद लागायची वेळ आली, की तीच बाई आपणहून भिंतीला टेकून मागे बसते. ‘तू मागे राहा’ असे तोंडाने कोणी म्हणत नाही. म्हणायची गरजच उरलेली नाही.

या गोष्टीवर आपल्या राज्यात एका गावाने बोट ठेवले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. आपल्या ग्रामपंचायतीत त्याचे पुढे काय झाले, हे सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी इतिवृत्ताची वही काढून एकदा पाहावे. ठराव असेल तर चांगलेच आहे. पण त्या ठरावानंतर गावात झालेल्या पहिल्या लग्नात ती बाई पुढे बसली काय, हा खरा सवाल आहे.

हेरवाडच्या कितीतरी आधी एका मराठी बाईने हे सगळे अंगावर घेतले होते. तिला दिलासा जिथे मिळाला ती जागा आपल्यापैकी पुष्कळांना ओळखीची नाही, आणि काहींना ती रुचणारही नाही. पंडिता रमाबाई हे नाव शाळेच्या पुस्तकात चार ओळींत येऊन जाते. विदुषी होत्या, समाजसुधारक होत्या, केडगावला आश्रम काढला, एवढ्यावर आपण पान उलटतो. त्या ख्रिस्ती झाल्या ही गोष्ट कोणी हळू आवाजात सांगतो तर कोणी रागाने सांगतो. त्या का झाल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आईची तिरडी डोक्यावर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांचा गुन्हा एकच, की त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले. त्यावरून पंडितांनी त्यांना जाब विचारला. ते बधले नाहीत, तेव्हा रानात जाऊन राहिले. पुढे घरची चीजवस्तू सरली आणि कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी हिंडू लागले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. काही महिन्यांच्या अंतराने आधी बाप गेला, मग आई, मग थोरली बहीण. आईला रायचूरला मरण आले, तेव्हा तिरडीला खांदा द्यायला पुरती माणसे मिळेनात. कशीबशी दोन ब्राह्मण माणसे तयार झाली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. ती उंचीने कमी पडत होती म्हणून तिने तिरडीचे आपल्याकडचे टोक खांद्याऐवजी डोक्यावर घेतले. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे आयुष्यभर भुकेल्या आणि टाकलेल्या पोरींमागे ही बाई का धावत राहिली, याचे उत्तर बरेचसे त्या रायचूरच्या वाटेवर सापडते, असे आम्हाला वाटते.

बहीणभाऊ पायी चालत उत्तरेकडे गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले, तेही जातीबाहेरचे आणि नोंदणी पद्धतीचे. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीने वारला. वय अवघे तेवीस. पदरी दहा महिन्यांची पोर आणि कपाळी वैधव्य. ज्यांनी तिला सरस्वती म्हटले होते त्यांच्या पोथ्यांत विधवेला जागा कोणती, हे त्या पोथ्या पाठ असणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको होते.

ती पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, शिक्षणासंबंधीच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, असे तिने तेथे ठासून सांगितले. आणि १८८३ मध्ये लेकीला घेऊन शिक्षणासाठी इंग्लंडला गेली.

फुलममध्ये काय पाहिले

इंग्लंडमध्ये वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात तिची राहण्याची सोय होती. या भगिनींचे लंडनजवळ फुलम येथे एक घर होते. ज्यांना जगाने वाया गेलेल्या म्हणून टाकले होते अशा बायका तेथे ठेवल्या जात. त्यांना काम शिकवीत, आजारात त्यांची सेवा करीत आणि माणूस म्हणून त्यांच्याशी वागत. रमाबाई तेथे काही दिवस राहिल्या. असे काही त्यांनी आपल्या देशात ना पाहिले होते ना ऐकले होते. शास्त्रांत अशा बाईला शिक्षा सांगितलेली होती, तिच्यावर माया करावी असे कुठे नव्हते. तुम्ही या बायकांची एवढी काळजी का घेता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. शोमरोन प्रांतातले एक गाव, गावाबाहेर विहीर. भर दुपारी एक बाई एकटीच पाण्याला येते. बाया पाण्याला जातात सकाळी किंवा सांजवेळी, घोळक्याने. दुपारच्या उन्हात एकटी येते ती कोण, हे आपण ओळखतो. तिचे पाच नवरे झालेले आणि आता ज्याच्याकडे ती राहते तो नवरा नव्हे. विहिरीच्या काठावर येशू थकून बसलेला आहे. तो यहुदी, ती शोमरोनी. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. आणि हा माणूस तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

तो तिला उपदेश करण्याआधी पाणी मागतो, गोष्टीतला हा बारकावा आम्हाला फार मोलाचा वाटतो. देणारी ती आणि घेणारा तो. टाकलेल्या माणसाला दया करणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या हातचे घेणारा क्वचितच भेटतो.

रमाबाईंनी लिहिले आहे, की ही गोष्ट ऐकली तेव्हा त्यांना उमगले, की आपल्या देशातल्या पिचलेल्या बायकांना वर उचलणारा हाच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ख्रिस्ती झाली म्हणजे बाई गोऱ्यांच्या मुठीत गेली, असे तेव्हा बोलले गेले आणि आजही बोलले जाते. घडले ते उलटेच. ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच रमाबाईंचे वाद झाले. चर्च सांगेल ते निमूट ऐकायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीच्या हाती जायला नव्हे, हा त्यांचा बाणा होता. खाणेही शाकाहारीच ठेवले. पुढे त्यांनीच कबूल केले, की बाप्तिस्म्याने मला धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षे लागली. एवढे सरळ लिहिणारी बाई कोणाच्या दबावाने बोलत असेल, हे पटत नाही.

केडगावचा मळा

अमेरिकेत हिंडून त्यांनी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्याला आले. सदनातल्या अगदी आरंभीच्या मुलींपैकी एक गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी या विधवेशी लग्न केले. पुढचे हिंगण्याचे सगळे काम आपल्याला ठाऊकच आहे. गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही मुली मात्र झाल्या किंवा होऊ लागल्या. त्यावरून पुण्यात काहूर उठले, ‘केसरी’ने झोड उठवली आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

दोष कोणाचा? सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता. रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि मुली येऊन बसत. आई प्रार्थना करते तेव्हा लेकराला हाकलून लावत नाही, असे एका बाजूने म्हणता येते. विश्वासाने लेकी सोपवणाऱ्या पालकांना फसल्यासारखे वाटले, हेही खोटे नाही. पण ज्यांनी वृत्तपत्रांत रकाने भरले त्यांच्यापैकी किती जणांनी त्या काढून नेलेल्या मुलींना पुन्हा शाळेचे तोंड दाखवले, हेही विचारायला हवे.

आता आपल्या भागाकडे येऊ. आज जो गोंदिया जिल्हा आहे तो तेव्हा भंडाऱ्यात होता आणि भंडारा मध्य प्रांतात. १८९६ साली पावसाने ऑगस्टअखेरीस पाठ फिरवली. धान उत्पादकाला याचा अर्थ सांगायला नको. निसवण्याच्या तोंडावर बांधीत पाणी नसेल तर हाती तणसच येते. त्या सालच्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला. ही बातमी कळताच रमाबाई प्रांतात आल्या. त्या फिरल्या तो मुख्यतः नरसिंहपूर, सोहागपूर असा नर्मदेकडचा भाग. रस्त्याच्या कडेला पडलेली पोरे, मदतकेंद्रांवरची हाडे निघालेली माणसे आणि अनाथ पोरींवर टपलेले दलाल त्यांनी पाहिले. रायचूरची तिरडी त्यांना आठवली नसेल तरच नवल. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली त्यांनी गोळा करून नेल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग होता, इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावला सदनासाठी घेऊन ठेवलेली शेतजमीन उपयोगी पडली. सुरुवातीला तंबू आणि झोपड्या, पुढे दगडी इमारती. १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ रीतसर सुरू झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार तोंडे रोज भरवायची म्हणजे काय, याचा हिशेब शेतकऱ्यालाच कळेल. केडगावचा मुलूख कोरडा. रमाबाईंनी विहिरी खोदून घेतल्या, भाजीपाला आणि फळझाडे लावली, गाईगुरे पाळली. तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना, सगळे तेथेच आणि चालवणाऱ्या बायकाच. जी पोर गावात अपशकुनी ठरली होती ती मळ्यात पाणी देऊ लागली, छापखान्यात खिळे जुळवू लागली. वाकडे पाऊल पडले म्हणून टाकलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ हे वेगळे घर होते. म्हणजे फुलमला पाहिलेले काम त्यांनी केडगावात उभे केले. आंधळ्या मुलींनाही तेथे जागा होती आणि मनोरमा त्यांना ब्रेल लिपी शिकवीत असे.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. आधीचे भाषांतर संस्कृतप्रचुर, अडाणी बाईला न कळणारे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्या बाईच्या आईला संस्कृत शिकवले म्हणून बापाला रानात जावे लागले, तिने देवाचे शब्द साध्या बोलीत आणले आणि त्यांची छपाई टाकलेल्या पोरींच्या हातून करवली. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. तोवर भाषांतराचे काम पुरे झाले होते. मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे.

मागे राहिलेली लक्ष्मीबाई

धर्म बदलणाऱ्याला दिलासा मिळतो, पण त्याच्या मागे राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न कोणीही विचारील. त्याची एक हकिकत थेट आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या लोहमार्गावरची आहे. १८९३-९४ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा पाद्री भेटला. कवितेच्या गप्पा झाल्या, त्याने बायबल दिले. पुढे टिळकांनी ते वाचले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

आणि बायको? लक्ष्मीबाईंना विधवाही म्हणता येईना आणि सवाशीणही. नवरा जिवंत, पण जातीने मेलेला. काही वर्षे त्यांनी माहेरच्या माणसांच्या आधाराने, लहान दत्तूला घेऊन, दुःखाने वेड लागायची वेळ येईपर्यंत काढली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्या पुलाच्या अलीकडे ते आपल्या बायकोला एकटी सोडून गेले होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही विसरू नये. पुढे दोघे नगरला एकत्र आले. टिळकांनी तिच्या सोवळ्याची वेगळी व्यवस्था करून दिली, धर्म बदल असा आग्रह धरला नाही.

लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोवळे पाळणारे, की मीठसुद्धा धुऊन घेत. अशा घरची ही लेक. एका रात्री तिने आपल्याच मनाशी वाद घातला, की देवाने माणूस निर्माण केला, जात केली ती माणसाने. मग कुणाच्याही हातचे पाणी प्यायला हरकत कसली? १९०० मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगमध्ये ती आजारी मुलींच्या शुश्रूषेला राहिली. बालकवी ठोंबऱ्यांसारख्या परक्या घरच्या पोराला टिळकांच्या घरात माया मिळाली, आणि तो ख्रिस्ती झाला नाही म्हणून ती कमी झाली नाही. हे सगळे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत लिहिले आहे. ज्याला मोठी पुस्तके वाचायचा कंटाळा आहे त्यानेही हे वाचावे.

ग्रामसभेपुढचे काम

आपल्या जिल्ह्यातही ख्रिस्ती कुटुंबे आहेत. आजारपणात कोणी प्रार्थनेला गेले, कोणी धर्म बदलला, की गावात कुजबुज सुरू होते. कोणी आमिषाने किंवा दबावाने धर्म बदलवत असेल तर त्याला जाब विचारायला पोलीस ठाणे आहे. पण एखादे घर वाळीत टाकणे, त्याचे पाणी, किराणा, मजुरी बंद करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, तो २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलीस पाटलांनी हे जातपंचायतीच्या लोकांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

विधवेच्या बाबतीत तर धर्माचा प्रश्नच नाही. हिंदू असो, बौद्ध असो की ख्रिस्ती, आपल्याकडे बाई मागे बसते ती बसतेच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या स्वकष्टाच्या जमिनीत तिचा हिस्सा लेकरांइतकाच आहे आणि तो तिच्या पूर्ण मालकीचा आहे. तरी दिराच्या भिडेने फेरफार राहून जातो, सातबाऱ्यावर नाव चढत नाही. मग पीक कर्ज नाही, पीक विमा नाही आणि धान विकायला आधारभूत खरेदी केंद्रावर गेले तर नोंदणी दिराच्या नावाची. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतच देते. तो देताना त्याच बैठकीत तलाठ्याकडे द्यायच्या वारस नोंदीच्या अर्जावर तिची सही घेतली, तर तिचा एक हेलपाटा वाचतो. अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. घरी कमावते कोणी नसेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला, तोही सोबतच भरून द्यावा.

बांगड्यांचा ठराव ज्या ग्रामसभेपुढे येईल, तिथे मागच्या वर्षभरात गावात वारलेल्या शेतकऱ्यांची यादीही वाचून दाखवावी, आणि प्रत्येक नावापुढे विचारावे, की हिचे नाव सातबाऱ्यावर चढले काय.